दोन कार्डांचं घर

तापकीर गल्लीत मुर्तझाभाई डबा खाता खाता म्हणाला,
"एक कार्ड की दोन?"
दोन, म्हटलं. एक आहेच, दुसरं वाकडच्या एका पोराचं,
तो चाललाय कॅनडाला, म्हणून निम्म्या भावात.
"मग जुना डबा विसर," म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

मी बिल्डरांसाठी चित्रं काढतो.
पुनावळ्याचे, मांजरीचे, अजून पायाही न खणलेले फ्लॅट.
त्यांच्या हॉलमध्ये डिसेंबरातलं साडेचारचं ऊन सोडतो,
सोफ्यावर पुस्तक उपडं ठेवतो,
खिडकीबाहेर टेकडी. असो वा नसो, टेकडी.
तेवढ्या उन्हाला एक कार्ड चार तास घेतं.
दोन असतील तर, म्हणतात, सव्वादोन.

वरच्या फळीवर एक कॅबिनेट होतं,
समोरून काच, बाजूनं काच, आत मोरपंखी दिवे.
मी बोट दाखवलं.
मुर्तझाभाईनं तळहात काचेवर ठेवला, नुसता ठेवला,
मग म्हणाला, "ह्यातनं श्वास कुठनं घेणार?"
मला माझीच चित्रं आठवली.

मग खालून एक काढलं. काळं, जाळीचं,
दिसायला रेशनच्या दुकानातली पेटी.
टेप लावली: कार्ड साडेतेहेतीस सेंटिमीटर,
जाडी तीन खाचा. दोघांच्या सहा,
"आणि मधे एक रिकामी सोड.
खालचं गरम हवा टाकतं, वरचं तीच गिळतं.
घराघरांत तेच असतं," असं म्हणून हसला.

पॉवर सप्लायसाठी आबांना फोन लावला.
एकतीस वर्षं वायरमन, भोर तालुका,
डावा अंगठा आता वाकत नाही.
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. लाइटबिलाची पाठ असणार.
"साडेतीनशे नि साडेतीनशे, सातशे.
प्रोसेसर दोनशे. पंखेबिंखे धर शंभर.
हजार झाले. आता हजाराला हजार घेऊ नकोस."
का?
"लोड कागदावर शांत असतो. सुरू होताना ओढतो.
आणि एका तारेवर दोघांना पोसू नकोस,
प्रत्येकाची तार वेगळी."
अंगठ्याचं मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही विचारलं.

तेराशे वॅटचा घेतला.
पिशवीत साडेतीन हजार कमी पडले, ते मुर्तझाभाईनं वहीत लिहिले,
माझ्या नावापुढे नुसतं "ऊनवाले".

धनकवडीतली खोली दहा बाय अकरा.
टेबलाखाली कॅबिनेट बसेना, दोन बोटं उंच.
टेबलाखाली विटा लावल्या, आता खुर्ची बुटकी पडते.
रविवारी आबा आले, भोरच्या एसटीनं, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन,
आणि मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढली, एकटी, माझ्यासाठी.
घरमालकीण कुदळेबाई दारात उभ्या: "बिल वाढणार का हो?"
"वाढणार," आबा शिडीवरनं म्हणाले.

रात्री दोन्ही सुरू केली.
खोलीत इस्त्रीचं दुकान उघडल्यासारखं झालं.
मागून येणारा झोत थेट खाटेच्या पायथ्याशी,
आबांनी पाय आखडून घेतले, मग उशी फिरवली,
मग उठून जिन्यात मीटर बघून आले.
"पळतोय," म्हणाले.

पडद्यावर हळूहळू, चौकोन चौकोन करून,
मांजरीच्या एका फरशीवर ऊन येत होतं.
आबा बराच वेळ माझ्यामागे उभे.
"ही खिडकी कुठल्या दिशेला?"
उत्तरेला, म्हटलं.
"डिसेंबर ना?"
हो.
"मग ऊन कुठनं आलं?"

मी काही बोललो नाही.
पंख्यांचा आवाज थोडा वाढला.